विषय निवडताना: मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांविषयी वाचकांचे प्रश्न

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की घरोघरी बोलणं होतं ते विषयांच्या नावांवर. वर्षभर त्या विषयात विद्यार्थ्याला नेमकं काय करावं लागतं, किती वाचावं, किती लिहावं, किती आकडेमोड करावी लागते, हे फारसं कोणी विचारत नाही. या वेळी आलेल्या पत्रांना उत्तरं देताना आम्ही मुद्दाम त्या कामावरच भर दिला आहे.

माझ्या मुलीला मानसशास्त्र घ्यायचं आहे. मैत्रिणी मन मोकळं करायला तिच्याकडेच येतात, म्हणून हा विषय आपल्याला जमेल असं तिला वाटतं. एवढ्यावर निवड करावी का?
— एक आई

मैत्रिणींना तिच्याशी बोलावंसं वाटतं, हा गुण मोलाचा आहे. पुढे ती समुपदेशनाकडे वळली तर तो तिला उपयोगी पडेल. पण शाळेतल्या मानसशास्त्रात समुपदेशन अगदी थोडं असतं. स्मरण, अवधान, संवेदन, अध्ययन, बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती हा मुख्य भाग, आणि या सगळ्याच्या मुळाशी प्रयोग. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लायप्झिश शहरात प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून हा विषय मोजमापाच्या वाटेने चालत आला. त्यांच्याच काळातले संशोधक हेर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ केले, किती वेळाने किती विसरतं ते स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये ते आकडे प्रसिद्ध केले. मुलीला जे पुस्तक हाती येईल त्याचा बाज हा आहे.

निवड करण्याआधी तिला घरीच एक छोटा प्रयोग करू द्या. एकमेकांशी संबंध नसलेले, नेहमीच्या वापरातले २० शब्द निवडायचे. बारा जणांना, एकेकाला वेगळं बसवून, दर दोन सेकंदांना एक या गतीने ते वाचून दाखवायचे. सहा जणांना यादी संपताच आठवतील ते शब्द कोणत्याही क्रमाने लिहायला सांगायचं. उरलेल्या सहा जणांना आधी ३० सेकंद ५०० पासून तीन-तीनने उलटे आकडे म्हणायला लावायचे आणि मग लिहायला सांगायचं. लिहायला सगळ्यांना दोन मिनिटं. नंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा विसाव्या जागेपर्यंत, त्या त्या जागेवरचा शब्द प्रत्येक गटात किती जणांना आठवला याचं कोष्टक करायचं आणि दोन्ही गटांचे आलेख एकाच कागदावर काढायचे.

पहिल्या गटात साधारणपणे सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले गळतात. उलटे आकडे मोजणाऱ्यांच्या आलेखात शेवटच्या शब्दांचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो आणि सुरुवातीच्या शब्दांचा टिकतो. ग्लान्झर आणि कुनिट्झ या संशोधकांनी १९६६ मध्ये हेच दाखवलं होतं. सुरुवातीचे शब्द मनात घोळवायला वेळ मिळालेला असतो. शेवटचे नुसते अल्पकालीन स्मृतीत असतात, आकडे मोजताना ते पुसले जातात.

प्रयोग फसतो तो छोट्या गोष्टींमुळे. ‘चहा’ आणि ‘कप’ शेजारी आले की एकामुळे दुसरा आठवतो. वाचणाऱ्याने एखाद्या शब्दावर जोर दिला की तो शब्द लक्षात राहतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्वांना यादी त्याच क्रमाने वाचणं. तिसरा शब्द जास्त जणांना आठवला, तर तो तिसऱ्या जागेमुळे आठवला की मुळात सोपा होता म्हणून, हे मग सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकासाठी क्रम बदलायचा. बारा माणसं थोडीच, तेव्हा आलेख खडबडीत येईल. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. भाग घेणाऱ्यांना आधी विचारायचं आणि त्यांची नावं कागदावर लिहायची नाहीत, हेही या विषयाचंच शिस्तीचं अंग आहे.

कोष्टक भरताना मुलगी रमली, क्रम बदलायला हवा हे तिच्या आपणहून लक्षात आलं, तर निःशंकपणे मानसशास्त्र घेऊ द्या. कोष्टकाचा कंटाळा आला आणि तिला लोक काय म्हणाले तेच सांगत बसावंसं वाटलं, तर समाजशास्त्र किंवा साहित्य तिला जास्त जवळचं वाटेल. समुपदेशनाचा रस्ता त्यामुळे बंद होतोच असं नाही. मात्र तिच्या मनातल्या पदवीला शाळेत मानसशास्त्र सक्तीचं आहे का, ते आधी पाहून घ्या.

मुलासाठी कोणता विषय ‘स्कोअरिंग’ ठरेल? प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो.
— एक वडील

प्रत्येक जण आपापल्या मुलाचा अनुभव सांगतो, म्हणून नावं वेगळी येतात. सगळ्यांना गुण देणारा विषय नसतो. तुमच्या मुलाला कुठे गुण मिळतील हे मात्र बऱ्यापैकी काढता येतं. त्यासाठी एक दुपार द्यावी लागेल.

विचारात असलेल्या प्रत्येक विषयाच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. चार रंगांच्या पेन्सिली घ्या. नुसतं आठवून लिहायचं आहे (व्याख्या, सन, नावं, जोड्या) तो प्रश्न एका रंगात. कारण, फरक किंवा परिणाम स्पष्ट करायचा आहे तो दुसऱ्या रंगात. उतारा, चित्र किंवा तक्ता देऊन शिकलेलं त्यावर लावायला सांगितलं आहे तो तिसऱ्यात. आकडेमोड, आलेख, नकाशा चौथ्यात. मग प्रत्येक रंगाच्या गुणांची बेरीज करा. प्रश्न मोजू नका, गुण मोजा. एकेका गुणाचे दहा प्रश्न डोळ्यांत भरतात, पण दहा गुणांच्या एका दीर्घ उत्तराएवढंच त्यांचं वजन असतं. ‘कोणतेही तीन सोडवा’ असं असेल तिथे पाच मोजायचे नाहीत, तीनच मोजायचे. अभ्यासक्रम बदलण्यापूर्वीच्या प्रश्नपत्रिका बाजूला ठेवा.

आता मुलाच्या गेल्या वर्षीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका काढा, विषय कोणताही असो, आणि गुण कुठे गेले ते त्याच चार रंगांत पाहा. आठवण्याच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी, पण ‘स्पष्ट करा’ आलं की दोन ओळींत गाडी थांबते, अशा मुलाला ज्या विषयाच्या ८० गुणांपैकी ५० दीर्घ उत्तरांना आहेत तो जड जाणार, मग शेजारच्या मुलाला त्यात कितीही मिळालेले असोत. लिहिण्याची सवय दोन वर्षांत लागू शकते, हेही खरं. पण तसे दोन-तीन विषय एकदम घेऊ नयेत, एखादाच घ्यावा.

इतिहास की राज्यशास्त्र? मला दोन्ही सारखेच वाटतात. दोन्हीत पाठच करायचं ना?
— अकरावीत जाणारा विद्यार्थी

घटना सारख्या असल्या तरी त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे असतात. एक उदाहरण घे. जर्मनीत ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या सहीने आणीबाणीचा हुकूम निघाला आणि नागरिकांचं भाषण, सभा, वृत्तपत्रं यांचं स्वातंत्र्य स्थगित झालं. मार्चमध्ये संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती देऊन टाकला.

इतिहासाचा विद्यार्थी विचारतो: हे याच वेळी का घडलं? १९२९ नंतरच्या मंदीचा आणि बेकारीचा यात वाटा किती? आगीबद्दल त्या आठवड्यातलं सरकारी पत्रक काय म्हणतं, परदेशी बातमीदार काय लिहितो, आणि दोघांत फरक पडला तर कोणावर किती भरवसा ठेवायचा? म्हणजे क्रम, कारणं आणि साधनांची पारख.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी जर्मनीची तेव्हाची, १९१९ ची वायमार राज्यघटना उघडतो. कलम ४८ ने अध्यक्षांना आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करता येत होते. संसद ते हुकूम मागे घ्यायला लावू शकत होती, पण कलम २५ ने अध्यक्ष संसदच विसर्जित करू शकत होते. लगाम होता, पण ज्याला आवरायचं त्याच्याच हातात तो तोडायची कात्री होती. मग पुढचा प्रश्न: दुसऱ्या घटनांमध्ये आणीबाणीच्या तरतुदीवर कोणते निर्बंध आहेत? मुदत किती, मंजुरी कोणाची, न्यायालयाची भूमिका काय? इथे काम रचनेचं आणि तुलनेचं आहे.

पाठांतर दोन्हीकडे लागतं; ते नाकारून उपयोग नाही. वरच्या तारखा माहीत नसतील तर कारणांवर बोलताच येणार नाही. पण नुसत्या तारखा लिहिलेल्या उत्तराला निम्म्याच्या वर गुण मिळणं कठीण. घड्याळ लावून २५ मिनिटांत ३०० शब्दांचं एक उत्तर हाताने लिहून बघ: पहिल्या दोन ओळींत तुझं म्हणणं, मग तीन परिच्छेद, प्रत्येकात एक कारण आणि त्याचा एक पुरावा. बहुतेकांची चूक एकच होते. ती मुलं घटना सुरुवातीपासून सांगायला लागतात आणि ‘का’ पर्यंत पोचेतो वेळ संपतो. लिहिताना तुला साधनांची उलटतपासणी करायला मजा आली तर इतिहास घे. कलमं आणि अधिकार यांची जुळणी करायला आवडली तर राज्यशास्त्र. वाचन झेपत असेल तर दोन्ही घ्यायलाही हरकत नाही. एकाची तयारी दुसऱ्याला कामी येते.

गणित सोडून अर्थशास्त्र घेतलं तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी

शाळेपुरतं चालेल. पुढे अर्थशास्त्रातच पदवी करायची असेल तर गणित सोडू नकोस. पदवीच्या पातळीवर कलन, म्हणजे बदलाचा दर काढायचं गणित, जागोजाग लागतं, आणि अनेक विद्यापीठं प्रवेशाच्या वेळीच शाळेतल्या गणिताची अट घालतात.

शाळेत जे लागतं ते शेकडेवारी, सरासरी, निर्देशांक आणि आलेखाचा चढ एवढंच. पण ते पक्कं हवं. हे गणित सोडव. एका वस्तूची किंमत २० वरून २५ झाली आणि मागणी १०० नगांवरून ८० नगांवर आली. मागणीची लवचिकता, म्हणजे मागणीतल्या टक्केवारी बदलाला किंमतीतल्या टक्केवारी बदलाने भागून येणारा आकडा, किती?

किंमत २५ टक्क्यांनी वाढली, मागणी २० टक्क्यांनी घटली, म्हणून भागाकार ०.८ (ऋण चिन्ह सोडून). लवचिकता एकापेक्षा कमी, म्हणजे किंमत वाढवल्यावर विक्रीचं उत्पन्न वाढायला हवं. आता उत्पन्न काढ. आधी २० गुणिले १०० म्हणजे २०००. नंतर २५ गुणिले ८०, तेही २०००. वाढलंच नाही! गफलत कुठे झाली? टक्केवारी आपण सुरुवातीच्या आकड्यावर काढली. दोन टोकांच्या सरासरीवर काढली, तर किंमतीतला बदल २२.५ वर ५ आणि मागणीतला बदल ९० वर २०. दोन्ही २२.२ टक्के येतात, लवचिकता बरोबर १, आणि उत्पन्न का बदललं नाही ते उलगडतं. बदल मोठा असेल तेव्हा मध्यबिंदूची रीत का वापरतात ते इथे दिसतं. हे वाचताना तू कागद-पेन्सिल घेतली असशील तर अर्थशास्त्र तुझं आहे.

आणखी दोन ठिकाणी हमखास गुण जातात. दर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला की मुलं ‘१ टक्का वाढ’ लिहून मोकळी होतात, पण मूळ दराच्या मानाने ती वाढ २५ टक्के आहे. प्रश्नात कोणती विचारली आहे ते पाहायला हवं. दुसरं, मागणीतलं विचलन आणि मागणीतला बदल. वस्तूची स्वतःचीच किंमत बदलली तर आलेखातल्या मागणीच्या त्याच वक्रावर आपण वर-खाली सरकतो; हे विचलन. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली तर अख्खा वक्र जागचा हलतो; हा बदल. एवढं एक नीट समजलं की पुढची कितीतरी प्रकरणं सोपी होतात.

हा विषय पायऱ्यांचा आहे. पहिले दोन महिने बुडाले तर पुढचं उमगत नाही. इतिहासात एखादं प्रकरण मागे राहिलं तर सुटीत भरून काढता येतं, अर्थशास्त्रात ते अवघड.

समाजशास्त्र सोपं असतं, वाचलं नाही तरी लिहिता येतं, असं सगळे सांगतात. घेऊ का?
— विद्यार्थी

वाचलं नाही तरी पानं भरता येतात. गुण मिळत नाहीत. समाज आपण रोज पाहतो, म्हणून आपलं मत म्हणजेच उत्तर असं वाटायला लागतं, आणि या विषयातली बहुतेक कच्ची उत्तरं तशीच असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये दिलेलं उदाहरण पाहा. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची खासगी अडचण. कारण त्याच्या कौशल्यात, स्वभावात शोधावं. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न झाला, आणि एकेकाचा स्वभाव तपासून तो सुटणार नाही. नजर अशी व्यक्तीवरून रचनेकडे नेता येणं, हेच इथे शिकायचं असतं.

चाचणी म्हणून एखाद्या सार्वजनिक प्रतीक्षालयात अर्धा तास बसा. अनोळखी माणसं एकमेकांकडे क्षणभर पाहून नजर कशी काढून घेतात, कोण किती अंतरावर बसतो, कोणाला जागा दिली जाते, हे टिपा. कागदाचे दोन भाग करा: डावीकडे फक्त दिसलेलं, उजवीकडे त्याचा अर्थ. ‘बाई वैतागली होती’ हे डावीकडे चालणार नाही. ‘तीन मिनिटांत चार वेळा घड्याळ पाहिलं’ हे चालेल. नजर काढून घेण्याच्या या रीतीला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये नावही दिलं. मराठीत त्याला सभ्य दुर्लक्ष म्हणता येईल. कोणाचं नाव, फोटो किंवा बोलणं टिपू नका.

प्रकल्पात प्रश्नावली करावी लागली तर एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नका. ‘शाळेतलं ग्रंथालय मोठं आणि सोयीच्या वेळी उघडं असतं का?’ याला आलेलं ‘नाही’ नेमकं कशाला आहे, ते कधीच कळत नाही.

भूगोल कलेचा की विज्ञानाचा?
— एक वाचक

दोन्हीचा, आणि म्हणूनच तो बहुतेक जोड्यांत बसतो. प्राकृतिक भूगोलाचं विज्ञानाशी जमतं, मानवी भूगोलाचं अर्थशास्त्राशी आणि समाजशास्त्राशी. नकाशाचं काम आवडतं का तेवढं पाहा. नकाशाचं प्रमाण १:५०,०००, दोन ठिकाणांमधलं अंतर ४ सेंटिमीटर, आणि समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून) उंचीतला फरक २०० मीटर. म्हणजे जमिनीवरचं अंतर २ किलोमीटर आणि उतार दहास एक. इथे चूक होते ती एककांत: २०० ला २ ने भागून १०० लिहिलं जातं. आधी दोन्ही मीटरमध्ये करायचं.

तर्कशास्त्राला आमच्याकडे कोणी फिरकत नाही. घेण्यासारखं आहे का?
— विद्यार्थिनी

हो, नक्की. पाठांतर कमी, सराव जास्त, आणि उत्तर बरोबर आहे की चूक ते स्वतःचं स्वतःला तपासता येतं. ‘पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला.’ यात काय चुकलं हे तुला चटकन दिसलं का? अंगण कोणी धुतलंही असेल. दोन्ही आधारविधानं खरी असूनही निष्कर्ष त्यांतून निघत नाही. विधानं खरी असणं वेगळं आणि युक्तिवाद वैध असणं वेगळं, ही पहिली अडखळण्याची जागा. दुसरी येते सत्यता-कोष्टकात, म्हणजे विधानाचे भाग सत्य-असत्य असण्याच्या सगळ्या शक्यता ओळीने मांडलेल्या तक्त्यात: ‘जर-तर’चं विधान फक्त एकाच ओळीत असत्य ठरतं, पहिला भाग सत्य आणि दुसरा असत्य असेल तिथे. बीजगणित आवडणाऱ्यांना हा विषय पटकन जमतो. निबंध लिहायची हौस असलेल्यांनी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत गल्लत करू नये; तत्त्वज्ञानात वाचन आणि वाद जास्त असतो.

अर्ज भरायला चार दिवस उरले आहेत. चार विषय घ्यायचे आहेत आणि अजून काहीच ठरलं नाही.
— दहावी झालेल्या मुलाचे पालक

चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी उलटीकडून सुरुवात करा: मुलाच्या मनात असलेल्या दोन-तीन पदव्यांच्या प्रवेशाच्या अटी वाचा आणि त्यात सक्तीचा विषय असेल तर तो आधी नक्की करा. नंतर बदलता न येणारी गोष्ट ही एवढीच. दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि चार गोष्टी विचारा. या वर्षी खरोखर कोणते विषय शिकवले जाणार आहेत (छापील यादीतले सगळे चालतातच असं नाही), कोणते दोन विषय वेळापत्रकात एकाच तासाला येतात, प्रत्येकात प्रकल्प किंवा प्रात्यक्षिक किती आणि कधी द्यायचं, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कोणती. ही तारीख विचारायला फार थोडे पालक येतात, आणि मग सहाव्या आठवड्यात धावपळ होते.

तिसऱ्या दिवशी वर सांगितलेल्या रंगीत पेन्सिली. चौथ्या दिवशी जोडणी. आमचा कल असा: चारांपैकी एकात आकडे किंवा नकाशे असावेत, एकात दीर्घ लेखन, आणि एक विषय मुलाने निव्वळ आवडीने घेतलेला असावा. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य असे चारही लिहिण्याचे विषय घेतले तर परीक्षेच्या आठवड्यात हात आणि डोकं दोन्ही थकतात, आणि प्रकल्प एकाच महिन्यात अंगावर येतात. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र ही जोडणी अनेकांना पेलते. लिहिण्यात गती नसलेल्यांनी इतिहासाच्या जागी तर्कशास्त्राचा विचार करावा.

मित्र काय घेतोय हा प्रश्न चौथ्या दिवशी संध्याकाळी येईलच. मुलाला रागावू नका. त्याला मित्राच्या विषयाची एक प्रश्नपत्रिका आणि स्वतःच्या विषयाची एक, दोन्ही समोर ठेवून प्रत्येकातला एकेक प्रश्न सोडवू द्या, आणि अर्ज त्यानंतर भरा.